राहून गेलेलं वाक्य

धानोऱ्याच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या उर्वशीने आधी सामान मोजलं आणि मग चुका मोजल्या. सामानाचे दोन नग होते. चुका सात निघाल्या.

चुका समोरच्या फ्लेक्सवर होत्या. कडुलिंबाचं झाड आणि विजेचा खांब यांच्यामध्ये एक जण शिडीवर चढून तो फ्लेक्स ताणून बांधत होता. 'मोहटोला येथे भव्य तिन अंकी सामाजीक नाटक – वचन मोडले पाटलाने.' खाली कलाकारांचे गोल गोल फोटो, फोटोंखाली नावं, आणि नावांवर वेलांट्या अशा उधळलेल्या की लग्नातल्या अक्षताही त्यापेक्षा नेम धरून पडतात.

बाकी कोणी असतं तर वाचून पुढे गेलं असतं. स्टँडवरची माणसं जातच होती. पण उर्वशी सहारे सात वर्षं नागपूरच्या एका प्रकाशनात मुद्रितशोधक होती. छापायला जाणाऱ्या पुस्तकांतल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. आणि काम हळूहळू खोड झालेलं. रस्त्यावरच्या पाट्या, हॉटेलातलं मेनूकार्ड, लग्नाच्या पत्रिका... काहीही समोर आलं की तिचा हात पर्समधल्या लाल पेनाकडे जायचा.

"अहो भाऊ," ती मान वर करून म्हणाली, "'सामाजिक'मधला 'जि' ऱ्हस्व असतो. आणि 'तीन'मधला 'ती' दीर्घ."

शिडीवरच्या माणसाच्या दातात सुतळी होती. तो वळला नाही. "बाई, जसं आलं तसं छापतो आपण. दुरुस्त करायचं असंल तं तुम्हीच या वर."

उर्वशीची मान वर होती ती तशीच राहिली. दहा वर्षांत माणसाचे खांदे रुंद होतात, अंग भरतं, पण आवाज... हा आवाज तिने एकेकाळी रोज सकाळी दोन-दोन तास ऐकला होता.

"साहेब, चहा आणू का?" तिच्या तोंडून निसटलं.

सुतळी खाली पडली. फ्लेक्सचं एक टोक सुटून वाऱ्यावर फडफडलं. शिडीवरचा निकेश बारसागडे वळला, आणि शिडीवरून पडता पडता राहिला.

"उर्वशी...? तू? कवा आली?"

"आत्ताच. तुझ्या सात चुका मोजून झाल्या तेव्हा."

*

त्या चहाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

उर्वशीचे बाबा, दादाजी सहारे, मोहटोल्याच्या नाट्यमंडळाचे नक्कलकार. दिवाळी झाली, धान कापणीला आलं, की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. आणि मोहटोल्यात नाटकाचे दिवस दादाजींच्या अंगणात सुरू व्हायचे. नाटकाची वही एकच असते आणि नट दहा-बारा. म्हणून प्रत्येकाच्या भूमिकेची वेगळी प्रत हाताने उतरवायची. तिला म्हणतात नक्कल. नकलेत अख्खं नाटक नसतं. फक्त तुमची वाक्यं असतात, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. ते शब्द कानावर पडले की तोंड उघडायचं. तोवर गप्प उभं राहायचं.

दादाजी वाक्यं निळ्या शाईने लिहीत, समोरच्याचे शब्द हिरव्या शाईने, आणि कुठे थांबायचं त्या खुणा लाल. आठवीतली उर्वशी शेजारी बसून रेघा आखायची.

"स्वल्पविराम म्हंजे नटाचा श्वास हाय, बाई," दादाजी सांगत. "तो आपण चुकलो तं तो बिचारा जीव जाईस्तोवर बोलत राह्यते." आणि कधी कधी, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहत, जरा हळू आवाजात सांगत, "माह्या बापाचा अंगठा होता. आपण अक्षर काढाव तं असं काढाव, का कोणी नाव ठेवू नये."

उर्वशीचं शुद्धलेखन शाळेत घडलं नाही, ते इथं घडलं. शेणाने सारवलेल्या अंगणात, सकाळच्या कोवळ्या उन्हात, नव्या वहीचा आणि नव्या धानाचा वास एकत्र येत असताना.

ती अठराची होती तेव्हा पलीकडच्या वस्तीवरचा वीस वर्षांचा निकेश आपली नक्कल घ्यायला आला. त्याला हवालदाराचं काम मिळालं होतं. तिने अर्धा कागद त्याच्या हातात ठेवला. त्यावर तीन वाक्यं होती.

"एवढंच?" त्याचा चेहरा इतका पडला की तिला हसूही आलं आणि कीवही. "म्या घरी सांगून आलो... मोठा रोल हाय म्हणून."

तिने कागद परत घेतला. बाबा आत पाणी प्यायला गेले होते. तिने घाईघाईत, बाबांसारखंच अक्षर काढून, खाली चौथं वाक्य लिहिलं: साहेब, चहा आणू का?

प्रयोगात पाटील आपली मुलगी घर सोडून गेल्याच्या दुःखात धाय मोकलून रडत होता, आणि निकेशने अत्यंत काळजीने विचारलं, "साहेब, चहा आणू का?" मांडव हसून हसून लोळला. पाटलालाही हसू आवरेना. दादाजींनी पडद्यामागे वहीची पानं मागेपुढे केली, मग लेकीकडे पाहिलं आणि वही मिटली. पुढच्या वर्षीपासून निकेशला मोठी कामं मिळायला लागली.

आणि पुढची दोन वर्षं, नकला उतरवायचे दिवस आले की तो वही धरून वाचायचा आणि उर्वशी लिहायची. वाचायचा असा, की पेन कागदावर टेकवून ती नुसतीच ऐकत राहायची.

"लिहून राह्यली का झोपली?"

"शाई वाळू देते आहे," ती म्हणायची. शाई केव्हाच वाळलेली असायची.

मग ती शिकायला नागपूरला गेली. ज्या दिवशी गेली त्या दिवशी तो स्टँडवर आला होता. बस सुटेपर्यंत दोघं बसच्या टायरविषयी बोलले. "पोचली का फोन कर," तो म्हणाला. तिने केला. "पोचले." "बरं." एवढंच.

त्यानंतर वर्षं गेली. ती गावी यायची ती उभ्याउभ्या, एखाद्या रात्रीपुरती; त्याची गाठ कधी पडली नाही. वाढदिवसाला केकचं चित्र यायचं, दिवाळीला पणतीचं. तीन वर्षांपूर्वी, कसं कोण जाणे, त्याने एकदा स्वतः टाइप करून पाठवलं: 'कशि आहेस'. दोनच शब्द. ते उर्वशीने चार-चारदा वाचले होते. पण बोटांना सवय लागलेली. तिने उत्तर पाठवलं: 'कशी'. आणि पुढे एक हसरा चेहरा. तो चेहरा त्याने पाहिला नसावा, कारण त्यानंतर त्याने तिला पुन्हा कधी एक अक्षर लिहिलं नाही. उर्वशीने हजारो पानं तपासली होती. इतकी महागात पडलेली दुरुस्ती तिला दुसरी आठवत नव्हती.

*

या वर्षी बाबांनी फोन करून बोलावलं होतं. 'वचन मोडले पाटलाने' पहिल्यांदा झालं त्याला पन्नास वर्षं होत होती. मंडळाला नकला पुन्हा हाताने लिहिलेल्या हव्या होत्या, आणि दादाजींचा हात आता थरथरत होता.

आधीची काही वर्षं मंडळाने नकला लिहिणंच सोडून दिलं होतं. निकेश वही समोर धरून सगळ्यांची वाक्यं मोबाइलवर बोलून पाठवायचा. पोरं कानात बोंड्या घालून ती पाठ करायची. सोपं होतं. फक्त गेल्या वर्षी प्रयोगात म्हातारी, पाटील, सावकार आणि नायिकेचा बाप, सगळेच्या सगळे निकेशच्या हेलात, निकेशसारखे थांबत, निकेशसारखेच खाकरत बोलले. तेव्हा गावातल्या अंजनाबाई पहिल्या रांगेतून मोठ्याने म्हणाल्या होत्या, "एकच माणूस दहा लुगडे-धोतरं बदलून येऊन राह्यला का वं?"

उर्वशीने बारा दिवसांची सुट्टी काढली होती. सामानाच्या दोन नगांपैकी एक बॅग होती आणि दुसरं खोक्यातलं मोठं, पितळी, नवंकोरं कुलूप. आई गेल्यापासून बाबा एकटे होते. नाटक झालं की त्यांना नागपूरला न्यायचं आणि या घराला कुलूप लावायचं, असं तिने ठरवलं होतं. कुलूप लागलं की मोहटोल्याला येण्याचं कारण उरणार नव्हतं. धानोऱ्याच्या स्टँडवर उतरण्याचंही नाही. हे ती जाणून होती. आणि बारा दिवसांत निकेश काही बोलला तर... पण तो दहा वर्षांत बोलला नव्हता, तो आता बारा दिवसांत काय बोलणार?

तो रोज सकाळी मात्र येत होता. वही वाचून द्यायला. बाबांना आता बारीक अक्षर दिसत नव्हतं, असं त्याचं कारण. बाबांनी 'मले दिसते' असं एकदाही म्हटलं नाही.

"एक सांग," तिसऱ्या दिवशी उर्वशी म्हणाली, "तुझ्या फ्लेक्सच्या दुकानात येणारा मजकूर तू कधीच दुरुस्त करत नाहीस? तुझे फ्लेक्स अख्खा तालुका वाचतो. पोरं तेच बघून शिकतात. दहा वर्षांनी कोणाला एक ओळ धड लिहिता येणार नाही."

"येनार नाई तं नाई. बोलता तं येईल."

"बोलणं वाऱ्यावर जातं, निकेश."

तो थोडा वेळ वहीच्या कडेशी खेळत राहिला. "मांगच्या महिन्यात एक मानूस आला. बाप मेलता त्याचा. श्रद्धांजलीचा फ्लेक्स पायजे होता. कागद घेऊन उभा. त्याच्यावर लिवलं होतं... 'बाबा तुमी गेले घर खालि झालं'." त्याने वही मांडीवर ठेवली. "आता याच्यात म्या काय दुरुस्त करू? तूच सांग."

अंगणात कोंबड्या धानाचे दाणे टिपत होत्या. उर्वशीने त्यांच्याकडे पाहून घेतलं.

"मी 'खाली'ची वेलांटी दीर्घ केली असती," ती शेवटी म्हणाली. "बाकी एका अक्षराला हात लावला नसता. त्याचं दुःख तेवढंच राहिलं असतं रे... पण गावातल्या कोणी त्याला हसलं नसतं."

"हसणारे पहिले दुरुस्त करा नं मंग. लोकाइले लिवता येत नाई असं नाई, उर्वशी. लोकाइले लिवाची भीती वाटते."

"आणि तुला?"

त्याने वही वर उचलली. चेहरा झाकला गेला. "पुढचं वाचतो. पाटील..."

"निकेश. तू काऊन नाई लिहीत?"

दहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून 'का'ऐवजी 'काऊन' आलं होतं. वही खाली आली. तो बघत राहिला, आणि मग डोळ्यांतल्या डोळ्यांत हसला.

"तुले माईत हाय," तो म्हणाला.

उर्वशीचे कान तापले. समोर नाटकाचं शेवटचं पान होतं, नायक राजा आणि नायिका सुला यांच्या भेटीचं. राजाचं काम निकेश करणार होता. तिने त्याची नक्कल घाईघाईने पुरी केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. बाबांचा एक नियम होता, की नक्कल लिहून झाली की समोरच्याच्या नकलेशी जुळवून पाहायची. दोघांनी समोरासमोर बसून एकदा मोठ्याने वाचायची. बाकीच्या सगळ्या नकला तिने तशा जुळवल्या होत्या. राजा-सुलाची राहिली. ते पान निकेशसमोर बसून मोठ्याने वाचायचं म्हणजे...

"ही जुळवली काय?" बाबांनी आतून विचारलं.

"जुळवते, बाबा," ती म्हणाली, आणि जुळवली नाही.

*

नकलांच्या झेरॉक्स काढायला ती धानोऱ्याला त्याच्या दुकानात गेली, तेव्हा काउंटरच्या काचेखाली तिला एक अर्धा कागद दिसला. लॅमिनेशन केलेला. हिरवी शाई, निळी शाई, चार वाक्यं. शेवटच्या वाक्याचं अक्षर बाबांसारखं काढायचा प्रयत्न केलेलं, आणि तरी तिचंच.

"हे...?"

"लॅमिनेशनची मशीन नवीन आणली तवा चालते का नाई ते पाह्याचं होतं," निकेश झेरॉक्सच्या मशीनकडे तोंड करून म्हणाला. "हाताशी तोच कागद होता."

"बारा वर्षं जुना कागद हाताशी होता?"

"दुकान लहान हाय माह्यं. सगळंच हाताशी राह्यते."

मशीनचा हिरवा उजेड त्याच्या हनुवटीवरून सरकत गेला, परत आला. बोल ना रे, उर्वशी मनात म्हणत होती. आणि त्याने वळून पाहिलं तेव्हा तोही कशाची तरी वाट पाहत असल्यासारखा वाटला. दोघंही थांबले. मशीन थांबली. मग त्याने कागदांचा गठ्ठा टाचणी लावून तिच्या हातात दिला, आणि ती मोहटोल्याच्या जीपमध्ये जाऊन बसली. सुट्टीचे चार दिवस उरले होते.

*

रंगीत तालीम शाळेच्या पटांगणात दुपारी झाली. सुलाचं काम करणारी मोनाली नाटक कंपन्यांच्या वडशाहून थेट प्रयोगाच्याच दिवशी येणार होती. तिथल्या नटींना हंगामात एक दिवस उसंत नसते. म्हणून आतापर्यंतच्या तालमीत सुलाचे प्रवेश वगळलेच होते. आज मात्र पूर्ण नाटक करायचं होतं.

"उर्वशी उभी राहीन," दादाजी म्हणाले. "नक्कल तिनंच लिवली हाय. मोनालीबाईचा कागद घेईन हातात अन् वाचीन."

उर्वशीने नको-नको म्हणून पाहिलं. पण खळ्यावरून हात झटकत आलेल्या बाया समोर बसल्या होत्या, सुकलूभाऊंनी पेटीचा सूर धरला होता, आणि बाबा पडद्याच्या कडेला खुर्ची टाकून वही मांडीवर घेऊन बसलेही होते. पन्नास वर्षं तेच प्रॉम्प्टर. नट अर्धा श्वास अडखळला की त्यांचं वाक्य त्याच्या कानात.

शेवटचा प्रवेश आला. राजा परत येतो, सुला दारात उभी आहे. उर्वशीने कागद धरला.

"इतकी वर्षं कुठं होतात तुम्ही?" तिने वाचलं.

आणि थांबली. तिच्या कागदावर पुढे हिरव्या शाईत राजाचे शब्द होते: '...वेशीवर, सुला.' ते शब्द ऐकू आले की तिने बोलायचं.

ते शब्द आले नाहीत. निकेश तिच्याकडे पाहत उभा होता. तिने भुवई उंचावली, बोल. त्यानेही उंचावली, तूच बोल. सुकलूभाऊंनी सूर लांबवला. पहिल्या रांगेत कोणीतरी खोकलं. पेटीचा भाता संपत आला.

"बोला नं गा कोनीतरी!" अंजनाबाई म्हणाल्या. "आमचं धान पडलं हाय खळ्यावर!"

उर्वशीने एक पाऊल पुढे टाकून त्याच्या हातातला कागद पाहिला. तिचंच अक्षर. एक काना इकडचा तिकडे नव्हता. पण राजाचं एक वाक्य त्यात नव्हतंच, आणि त्याआधीचे सुलाचे हिरवे शब्दही नव्हते. तिने ती जोडी गाळली होती. त्याच्या कागदानुसार अजून सुलाच बोलत होती. तिच्या कागदानुसार राजाची पाळी होती. दोन्ही कागद शुद्ध, आणि दोघंही एकमेकांची वाट पाहत उभे. सगळ्या गावाच्या चुका काढणाऱ्या उर्वशीला पटांगणातली जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं.

तिने पडद्याकडे पाहिलं. बाबांना ती वही तोंडपाठ होती. एक शब्द पुरला असता. पण दादाजी वही मिटून, काठीवर हनुवटी टेकवून, ऊन खात बसल्यासारखे डोळे मिटून बसले होते.

तेवढ्यात निकेशने कागद खाली घेतला.

"म्या कुठी जानार आहो?" तो म्हणाला. राजाच्या आवाजात नव्हे. "इथीच होतो. धानोऱ्याच्या स्टँडावर. गडचिरोलीची गाडी आली का दुकानातून मान काढून पाहो. उतरनारे उतरून जाये... म्या आपला फ्लेक्स छापत बसो."

पटांगण हसलं. कोणीतरी शिट्टी वाजवली. पण निकेश हसला नाही, आणि मग हसू हळूहळू एकेका रांगेतून विरत गेलं. बायांनी एकमेकींना कोपरं मारली.

उर्वशीच्या हातात पुढचं वाक्य होतं, निळ्या शाईत, स्वच्छ, लाल थांब्यासकट. तिला ते वाचायची गरज पडली नाही. आणि ते जसं लिहिलं होतं तसं आलंही नाही.

"मंग... हाक काऊन नाई मारली?"

निकेशने हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुनं लिहूनच नाई देल्लं नं," तो म्हणाला.

आता जे हसू उसळलं त्यात सुकलूभाऊंच्या पेटीनेही भलताच सूर मारला. उर्वशीने मोनालीची नक्कल तोंडावर धरली. कागदाआड ती हसत होती की रडत होती, हे तिला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं.

*

"तुम्हाला वाक्य पाठ होतं, बाबा."

संध्याकाळ झाली होती. अंगणात धानाच्या पेंढ्यांची सावली लांब पडली होती.

"पन्नास वर्षांपासून पाठ हाय."

"मग सांगितलं का नाही?"

दादाजींनी कंबर सरळ केली. "नट इसरला असंल तं प्रॉम्प्टरनं बोलाव. विचार करून राह्यला असंल तं गप राहाव. हे कळाले लय वर्ष लागतेत, बाई." मग उठता उठता म्हणाले, "अन् तुनं आनलेलं कुलूप म्या कोंबड्याइच्या खुराड्याले लावलं. मुंगूस येऊन राह्यलं होतं. तुह्ये प्रुफं तं म्हने मोबाइलवरच येते आता... इथी बसून तपासता नाई येत?"

ते आत गेले, आणि फाटकाशी निकेश उभा असलेला दिसला. हातात नक्कल.

"तेवढं वाक्य लिहून दे," तो म्हणाला. "परवा मोनालीबाई येईन. तिच्यासमोर असं काई बोललो तं उगाच भानगड होईन."

उर्वशीने पेन पुढे केलं. "तूच लिही."

"म्या?"

"तुझं वाक्य आहे."

तो बाजेवर बसला. पेन हातात धरून कागदाकडे असा पाहत राहिला, की जणू नदी आहे आणि खोल किती ते कळत नाही. मग लिहू लागला. उर्वशी मुद्दाम तिकडे पाहत नव्हती. ती खुराड्यावरचं पितळी कुलूप पाहत होती. किती वेळ लावतो हा... एका ओळीला एवढा वेळ?

"तपासू नोको," तो म्हणाला, आणि कागदावरचा हात काढला.

ते राजाचं वाक्य नव्हतं. वहीत होतं 'तुझ्याच गावाच्या वेशीवर, सुला.' कागदावर होतं:

'मि ईथच आहो. तु जाऊ नोको.'

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. चुका तिला दिसल्या. सात वर्षांची नजर एका दिवसात थोडीच जाते? तीन होत्या. त्याने तिला लिहिलं होतं, हेही दिसलं. तीन वर्षांनी, भीत भीत, पण लिहिलं होतं. डोळे भरून आले आणि तीन चुका सहा दिसायला लागल्या.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला. "लय चुकलं काय?"

तिने एक कोरा कागद घेतला, मांडीवर धरला आणि हिरव्या शाईच्या पेनाने त्याचे शेवटचे शब्द उतरवून घेतले. जसे होते तसे. त्याखाली, निळ्या शाईत, आपलं वाक्य लिहिलं. घरात ज्या बोलीत ती जन्मली, वाढली, भांडली, ती तिने आजवर कधी कागदावर उमटू दिली नव्हती. तिने लिहिलं:

'नाई जात.'

आणि लाल शाईने पुढे एक टपोरा पूर्णविराम दिला.

निकेशने कागद उजेडाकडे धरून वाचला. मग तिच्याकडे पाहिलं. मग परत कागदाकडे.

"लिवून झालं काय?" दादाजींचा आवाज आतून आला.

"झालं, बाबा."

"या खेपेले तरी जुळवून पाहा. मांगच्या खेपेले नाई जुळवली, मले माईत हाय."

दोघं समोरासमोर बसली. त्याच्या हातात त्याची नक्कल, तिच्या हातात तिची. त्याने घसा साफ केला. ज्या आवाजाने तिच्या पेनाची शाई वाळायची, तोच आवाज.

"मी इथंच आहो... तू जाऊ नोको."

तिने कागदात पाहिलं नाही.

"नाई जात."

आतून दादाजींनी विचारलं, "जुळली काय?"

निकेश तिच्याकडेच पाहत होता.

"एक डाव आनखी वाचून पाह्यतो, काकाजी," तो म्हणाला. "घाई नाई करत."